लोखंडाला प्रतिष्ठा देणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर



प्रभु विश्वकर्म्यास वंदन करून हे अल्पचरित्र आपल्या हाती देत आहे. आपल्या वार्षिक स्मरणिकेत समाजातील थोर पुरुषांचीच चरित्रे यावीत असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. यंदा ज्यांचे चरित्र मी लिहावयास घेतले आहे, ते मात्र जन्माने लोहार नव्हते. त्यांच्या घराण्यात वेदान्ताचे अध्ययन चाले. घण, सांडस आणि भाता यांच्याशी त्या घराचा काही संबंध नव्हता. असे असता दुसरे मार्ग मोकळे असूनही त्यांनी लोखंडाचे काम समजून उमजून पत्करले आणि आयुष्यभर त्याचा अभिमान बाळगला. जी विद्या आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती सांगण्यास आपलीच मुले आज संकोचतात. म्हणून दुसऱ्या घरातून आलेल्या या पुरुषाचे चरित्र आपल्या घरात वाचले जावे, असे मला वाटते.

दुसरेही एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड या भागांत आपल्या तरुणांनी घरापुढच्या पत्र्याच्या छपरात वेल्डिंगची यंत्रे मांडली आहेत. शेतमाल वाहणाऱ्या पिकअप गाड्यांचे मूळचे पातळ बंपर काढून त्या जागी जाड लोखंडाचे भक्कम बंपर ही मुले घरीच घडवितात. पुठ्ठ्याचे माप कापावयाचे, पत्रा कापून वाकवावयाचा, टाके मारून गाडीवर बसवून पाहावयाचा, मग पूर्ण जोड भरून, घासून रंग द्यावयाचा, हे सारे ती कोणत्याही शाळेत न शिकता करतात. ते कौशल्य पाहून या वृद्ध शिक्षकाचा ऊर भरून येतो. परंतु मनात एक चिंताही उत्पन्न होते. ती चिंता मी शेवटी सांगेन. कारण लक्ष्मणरावांचे चरित्र वाचल्यावाचून तिचे उत्तर सापडणार नाही.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे व याच कुळातले. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. धाकट्या लक्ष्मणाचे मन मात्र पुस्तकी अभ्यासात रमेना. चित्रे काढावीत, वस्तू उकलून पाहाव्यात, यातच त्याला गोडी. वडिलांना हे रुचणे कठीणच होते. पण थोरले बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सर्वजण रामूअण्णा म्हणत, हे भावाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधाराने लक्ष्मणराव 1885 साली मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दैवाने एक आघात केला. चित्रकला शिकू लागल्यावर काही काळाने ध्यानात आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून मोठे दुर्दैव कोणते? दुसरा कोणी खचून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटने करण्यास रंगज्ञान लागत नाही. तेथे लागतो तो नेमकेपणा, आणि तो त्यांच्या हाती भरपूर होता. यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. शिकविण्याचे काम आटोपले की ते तेथील कार्यशाळेत जात व यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात व कशी दुरुस्त होतात हे स्वतः हात काळे करून शिकत. पांढरपेशा नोकरी असताना हात काळे करणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. लक्ष्मणरावांना त्यातच आनंद होता.

पुढे त्या संस्थेत बढतीची संधी आली. काम आणि अनुभव या दोहोंच्या बळावर ती जागा त्यांनाच मिळावयास हवी होती. पण परकीय अमलाच्या रीतीप्रमाणे ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी कुरकुर केली नाही. त्यांनी राजीनामा दिला व पुन्हा कोणाची नोकरी करावयाची नाही असा निश्चय करून बेळगावची वाट धरली.

बेळगावात त्यांच्यासाठी जमीन थोडीशी तयार होती. मुंबईस असतानाच, 1888 साली, दोघां भावांनी सायकलींचा व्यापार सुरू केला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवावयाच्या व रामूअण्णांनी त्या बेळगावात विकावयाच्या, लोकांना चालविण्यास शिकवावयाचे, अशी ती योजना होती. त्या काळी सायकल ही मोठी अपूर्वाईची वस्तू होती. लक्ष्मणराव बेळगावी आल्यावर दुकानाला दुरुस्तीची जोड मिळाली. माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण येथेच झाले. विकणाऱ्याला वस्तूची केवळ किंमत कळते. दुरुस्त करणाऱ्याला ती कोठे मोडते, का मोडते व ती बनविणाऱ्याने कोठे चूक केली, हे कळते. आपल्या वाडवडिलांचे शिक्षणही असेच झाले होते. बैलगाडीच्या चाकाची धाव ढिली होऊन गाडी दाराशी आली म्हणजे ती का ढिली झाली, हे ओळखण्यातच लोहाराची हुशारी असे.

दुसऱ्याने बनविलेले विकण्यापेक्षा स्वतः काही बनवावे, हा विचार लक्ष्मणरावांच्या मनात घोळत होता. त्यांची दृष्टी शेतकऱ्याकडे वळली. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनविले. आपल्या परभणीकडील वाचकांना या यंत्राचे महत्त्व सांगावयास नको. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला तर जनावर पाला खाते व ताटाचा बराच भाग पायदळी तुडविते. तोच बारीक कापून घातला तर सारा पोटात जातो. दुष्काळी सालात या एवढ्याशा फरकाने गोठ्यातले जनावर वाचते. एखादे अवजार किती भपकेदार आहे याहून ते कोणाचे काय वाचविते, हे पाहून लक्ष्मणरावांनी आपला पहिला माल ठरविला.

यानंतर आला नांगर. 1903 च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनविण्यास हात घातला. त्यापूर्वी परदेशी लोखंडी नांगर आपल्याकडे येत, पण ते महाग असत व सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नसत. आपल्या गावचा नांगर सुतार लाकडाचा घडवी व लोहार त्याला लोखंडी फाळ बसवी. तो जमीन चिरीत जाई, परंतु उलटवीत नसे. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळणदार पाते असते. त्यामुळे कापलेली माती उचलली जाऊन उलटी पडते. खालची माती वर येऊन उन्हाने तापते आणि हराळी व कुंदा यांची मुळे उघडी पडून वाळतात. काळ्या, चिकण जमिनीत ज्याने हराळीशी झगडा केला आहे, त्याला या पात्याचे मोल कळेल.

एवढा उपयोगी नांगर तयार झाला, पण घेणारा कोणी मिळेना. लोखंडाने जमिनीला विष चढते व पीक नष्ट होते, अशी समजूत शेतकऱ्यांत खोल रुजलेली होती. तयार नांगर पडून राहिले. पहिला माल हलावयास सुमारे दोन वर्षे लागली. गाठीला पैसा थोडा, घरी खाणारी माणसे पुष्कळ, आणि समोर रोज न विकलेल्या मालाचा ढीग! अशा वेळी माणूस दोन प्रकारे वागतो. एक तर तो गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून दोष देतो, नाही तर स्वतःच्या मालाकडे पुन्हा पाहू लागतो. लक्ष्मणरावांनी दुसरा मार्ग धरला. नांगर शेतात नेऊन तो प्रत्यक्ष चालवून दाखवावा, शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, दोष आढळला तर भट्टीशी परत येऊन तो काढून टाकावा, असा त्यांचा क्रम होता. ओतकामाचे शास्त्र त्यांना कोणी शिकविले नव्हते. परदेशी पुस्तके व यंत्रविषयक मासिके वाचून आणि पुनःपुन्हा प्रयोग करून त्यांनी ते मिळविले. बीड कठीण असते तशीच ठिसूळही असते. फाळ मऊ राहिला तर झिजतो व फार कठीण झाला तर दगडाला लागून तुटतो. या दोहोंच्या मधला बिंदू गाठणे हीच कारागिराची कसोटी. आपल्याकडे कुऱ्हाडीला पाणी पाजताना लोहार जो रंग पाहून हात आवरतो, तोच हा बिंदू होय. ज्या पुरुषाला रंग नीट ओळखता येत नव्हते, त्याने तो अभ्यासाने गाठला!

नांगर चालू लागतो न लागतो तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगाव नगराच्या वाढीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा सोडावी लागली. यंत्रे कोठे हलवावीत हा प्रश्न पडला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. ते स्वतः चित्रकार व कलेचे भोक्ते होते आणि लक्ष्मणरावांशी त्यांचा जुना स्नेह होता. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर जमीन दिली व 10,000 रुपयांचे कर्जही दिले. ती जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. पाणी नाही, सावली नाही, साप मात्र पुष्कळ. 1910 साली लक्ष्मणराव, रामूअण्णा, त्यांचे कुटुंबीय व मोजके सहकारी तेथे राहावयास गेले. तेच आजचे किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वेस्थानकालाही हेच नाव मिळाले.

या वसाहतीत केवळ यंत्रेच उभी राहिली नाहीत. कामगारांसाठी घरे, शाळा व दवाखाना झाला. शिक्षा भोगलेल्या माणसांना विश्वासाने रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले गेले आणि त्यांनी तो विश्वास राखला. अस्पृश्यता तेथे पाळली जात नसे. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या पहिल्या कष्टाच्या दिवसांत सहकाऱ्यांचे घरच्यासारखे केले. रामूअण्णांनी वसाहतीचा सारा कारभार पाहिला. यंत्राचे श्रेय एकट्याचे असले तरी कारखाना हा अनेकांच्या हातांनी उभा राहतो, हे त्या दोघा भावांनी ओळखले होते.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड दुर्मिळ झाले. भट्टी थंड पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या, निकामी तोफा वितळविण्यासाठी दिल्या. ज्या लोखंडाने एके काळी माणसे मारली, त्याचेच नांगर होऊन अन्न पिकविण्यास लागले. लोखंड स्वतः चांगलेही नसते व वाईटही नसते. त्याला आकार देणाऱ्याच्या बुद्धीवर ते अवलंबून असते, याचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही.

1920 साली या उद्योगाचे किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीत रूपांतर झाले. त्याच सुमारास शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले मासिक महाराष्ट्रातील घराघरांत गेले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन 1926 साली परतले. पुढे उसाचे चरक, पाण्याचे पंप, लोखंडी सामान अशी वाढ होत गेली. 1941 साली हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे, म्हणजे लेथ, बनविण्याचा कारखाना निघाला व 1946 साली तेलाच्या इंजिनांसाठी पुण्यास व विजेच्या मोटारींसाठी बंगळूरला कंपन्या निघाल्या. विहिरीवरील पंपाच्या आवाजातून हे नाव मराठवाड्यातील शेतकऱ्याच्याही ओळखीचे झाले.

1948 साली महात्माजींच्या हत्येनंतर ज्या दंगली उसळल्या, त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. त्या वेळी लक्ष्मणरावांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. जे निवडुंगाच्या रानातून उभे केले ते जळाले. पण तो कारखाना पुन्हा उभा राहिला. 1956 साली लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली, भारताच्या डाक खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले.

येथवर चरित्र झाले. आता एक अप्रिय गोष्ट लिहिली पाहिजे. समाजातील एखादा वृद्ध मला विचारील की, ज्यांच्या नांगराने आपल्या बलुत्यावर पाणी पडले, त्यांचे गुणगान तुम्ही आपल्याच स्मरणिकेत कसे करता? हा प्रश्न खोटा नाही. लाकडी नांगर गेला तेव्हा सुताराचे काम गेले व त्याच्याबरोबर आपल्या फाळाचेही काम घटले. नंतर रबरी चाके आली आणि धाव चढविण्याचे काम संपले. माझ्या लहानपणी शेणकुटांच्या जाळात धाव लाल होत असे. ती चाकावर घालून वरून पाणी ओतले की वाफेचा लोट उठे आणि लोखंड आक्रसून लाकडाला मिठी मारी. तो सोहळा पाहावयास सारे आळीतले लोक जमत. तो आता पाहावयास मिळत नाही, आणि तो गेला तेव्हा आमच्या घरी काही दिवस चूल कशी पेटली हे मी विसरलेलो नाही.

तरीही मी लक्ष्मणरावांना दोष देत नाही. आपली धाव त्यांनी घेतली नाही, काळाने घेतली. काळाने त्यांच्याकडूनही रंग घेतले, नोकरी घेतली, जागा घेतली. प्रत्येक वेळी त्यांनी एकच केले: हातातील विद्या तीच ठेवली आणि वस्तू बदलली. आपण मात्र पुष्कळदा वस्तूलाच विद्या समजलो. धाव गेली म्हणजे विद्या गेली, असे मानून कित्येकांनी ऐरण भंगारात घातली.

आता सुरुवातीला सांगितलेली चिंता. आपल्या मुलांचे बंपर हीच आजच्या काळातली धाव आहे. गाडीला लोखंड चढविण्याचे तेच जुने काम नव्या रूपाने परत आले आहे. पण गाडी बैलाची राहिलेली नाही. 3 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे साडेतेवीस किलो भरते. दोन चौरस मीटर पत्रा लागला तर सत्तेचाळीस किलो झाले. जाडी दुप्पट केली तर भारही दुप्पट. हा सारा भार पुढच्या चाकांवर व कमानींवर पडतो. शिवाय आजच्या गाडीचा पुढचा भाग धडकेच्या वेळी चुरगळून धक्का स्वतःकडे घ्यावा, अशा बेताने बनविलेला असतो. तेथे न वाकणारे लोखंड सांध्याला जखडले की धक्का थेट सांगाड्यातून आत बसलेल्या माणसापर्यंत जातो. ज्या गाडीत धडकेला फुगणारी हवेची पिशवी असते, तिचा फुगण्याचा क्षणही त्यामुळे चुकू शकतो. आणि रस्त्यावरील पादचाऱ्याला तर असे बंपर घणासारखेच लागते. याच कारणांनी केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून गाड्यांपुढील अशा अनधिकृत लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास कळविले. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीत मूळ नोंदीहून वेगळे फेरफार करण्यास आडकाठी करते. दंड गाडीमालकाला होतो, बोल मात्र कारागिराला लागतो.

ही गोष्ट मी मुलांपाशी काढली तेव्हा ती हिरमुसली. गिऱ्हाईक मागते म्हणून आम्ही देतो, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांना मी लक्ष्मणरावांचीच कथा सांगितली. त्यांच्या काळी गिऱ्हाईक चांगली वस्तू नको म्हणत होते, आज ते धोक्याची वस्तू हवी म्हणते. दोन्ही वेळी खरे काय ते गिऱ्हाइकाला समजावून देणे कारागिराकडेच येते. ज्या हाताला माप घेऊन पत्रा वळविता येतो व जोड असा भरता येतो की तो तुटण्याआधी पत्रा फाटावा, त्या हाताला कामाची वाण नाही. चेपलेले मूळ बंपर व त्याच्या पट्ट्या पूर्ववत करणे आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे तडकलेले सांधे आहेत. तीन फणी, पाच फणी मोगडे, पेरणीची व फवारणीची अवजारे आहेत. परभणीस कृषी विद्यापीठ आपल्या उंबऱ्याशी आहे. शेतकऱ्याची अडचण ऐकावी, अवजार बनवावे, शेतात नेऊन चालवून पाहावे, मोडले तर का मोडले ते वहीत लिहून ठेवावे. लक्ष्मणरावांनी याहून वेगळे काही केले नाही.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलगा वेल्डिंग करतो, हे सोयरिकीच्या बैठकीत दबक्या आवाजात सांगू नका. त्याला रेखाटन शिकवा, हिशेब शिकवा, डोळ्यांवर काच व हातात मोजे घातल्याशिवाय ठिणगी पाडू देऊ नका. ज्या कामासाठी वेदान्त्याच्या मुलाने मानाची नोकरी सोडली, ते काम हलके असू शकत नाही. प्रभु विश्वकर्मा आपल्या घराघरांतील भट्टी पेटती ठेवो, हीच प्रार्थना.